लढाईवरून न परतलेल्या चुलत आजोबांचा माग कसा काढावा

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत असा एक माणूस असतो. आजोबांचा नाहीतर पणजोबांचा धाकटा भाऊ, ‘जर्मनच्या लढाईवर गेला तो आलाच नाही’. लग्न झालेलं नसतं, पोर नसतं, त्यामुळे वंशावळीत त्याची फांदी तिथंच खुंटते. त्याची आठवण ठेवणारी शेवटची आत्या-आजी गेली की उरतं ते एक अर्धवट नाव. तेच नाव इंटरनेटवर टाकून लोक शोध सुरू करतात आणि पहिल्याच दिवशी कंटाळतात. एकट्या नावावरून शिपाई सापडत नाही. नंबर, पलटण आणि गाव यांच्या जोडीनं तो सापडतो. म्हणून शोधाची सुरुवात संगणकापासून नाही, घरातल्या ट्रंकेपासून करायची.

त्याआधी लढाई कोणती ते ठरवा. जुनी माणसं दोन्ही महायुद्धांना ‘जर्मनची लढाई’च म्हणत. भावंडांची वयं लावून पाहिली की १९१४ ते १८ की १९३९ ते ४५ हे बहुतेक वेळा उलगडतं. ऐकीव गावनावांचाही उपयोग होतो. कूत, बगदाद, फ्रान्स आलं तर पहिली लढाई. इटली, तोब्रुक, ब्रह्मदेश, सिंगापूर आलं तर दुसरी. ‘बसऱ्याला गेला’ एवढ्यावर मात्र काही ठरवू नका. १९४१ मध्येही हिंदी फौजा बसऱ्याला उतरल्या होत्या.

ट्रंकेत काय पाहायचं? पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायाच्या घरी सरकारनं ब्राँझची एक जाड गोल थाळी पाठवली होती. व्यास सुमारे १२ सेंटिमीटर, वर त्रिशूळधारी स्त्री आणि सिंह, कडेनं इंग्रजी अक्षरं आणि एका चौकटीत मृताचं नाव. पुष्कळ घरांत ती देवघरात किंवा माळ्यावर ‘राणीचं तबक’ म्हणून पडून असते. थाळीवर हुद्दा किंवा पलटण नसते, पण नावाचं तेव्हाचं सरकारी स्पेलिंग तिच्यावरून कळतं आणि पुढच्या शोधात तेच लागतं.

पदक असेल तर त्याची कड पाहा. पहिल्या युद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, तर ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हीच माहिती मागच्या बाजूला असते. ब्रिटिश सैनिकांची दुसऱ्या युद्धातली पदकं कोरीच असत, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव घातलेलं सापडतं. तेव्हा ‘यावर काही नाही’ म्हणून पेटीत परत टाकण्याआधी भिंग घ्या. अक्षरं झिजली असतील तर खोलीत अंधार करून बॅटरी कडेला जवळजवळ आडवी धरा आणि मोबाइलनं फोटो काढा, सावलीनं अक्षर उठतं. चिंच, राख, पितांबरी, ब्रासो यांपैकी काहीही लावू नका. एकदा घासलं की शेवटचा आकडा गेलाच म्हणून समजा. पहिल्या युद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असे, म्हणून बरीचशी सोनाराच्या मुशीत गेली. तेच मेडल ब्राँझचं असेल तर माणूस बहुधा लढाऊ पलटणीत नसून लेबर कोअरमध्ये (मजूर दलात) किंवा बिगरलढाऊ कामावर होता. ही खूण महत्त्वाची आहे, कारण मग शोध वेगळ्या नावाखाली घ्यावा लागतो.

पदक नसेल तर आईच्या किंवा वडिलांच्या नावचं पेन्शनचं पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या, सेन्सॉरचा शिक्का असलेलं पोस्टकार्ड शोधा. पाकिटावरचा पत्ता हाही पलटणीचा पुरावा आहे. घरातल्या वयस्कर माणसांना ‘तो कुठं मेला’ असं विचारू नका, तारीख आणि देश कुणालाच आठवत नाही. त्यांना पलटणीचं नाव विचारा. ‘जंगी पलटण’, ‘काली पाचवी’ अशी टोपणनावं आठवणीत टिकतात आणि त्यांवरून थेट बटालियन कळते. पेन्शन कुठून मिळे, त्याच्याबरोबर गावातलं आणखी कोण गेलं होतं, हेही विचारा. एका गावची पोरं सहसा एकाच भरतीत, एकाच पलटणीत जात. सोबत्याची माहिती मिळाली की निम्मं काम होतं.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी फुकट पाहता येतात. पहिल्या युद्धातले ७४ हजारांवर आणि दुसऱ्यातले ८७ हजारांवर हिंदी सैनिक त्यात आहेत. इथं लोक अडतात ते तीन ठिकाणी.

पहिली अडचण म्हणजे पलटणीचं स्पेलिंग. आज आपण लिहितो तसं ‘मराठा’ टाकलं तर जवळजवळ काहीच येत नाही. त्या काळी इंग्रजीत एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं, मध्ये एच आणि दोन टी घालून लिहीत. रेजिमेंटच्या रकान्यात तेच टाका.

दुसरी नावाची. कारकून गोरा असो की परप्रांतीय, त्यानं ऐकलं तसं लिहिलं. सखारामचा ‘सकाराम’, पांडुरंगचा ‘पांडू’, पवारचा ‘पोवार’, घाडगेचा ‘गाडगे’ नाहीतर ‘घाटगे’. शिवाय हिंदी शिपायाचं आडनाव आणि नाव कोणत्या रकान्यात पडलं असेल याचा नेम नाही. कधी पूर्ण नावच आडनावाच्या जागी असतं, कधी आडनावच नसतं. म्हणून आडनावाच्या रकान्यात एकदा आडनाव आणि एकदा पाळण्यातलं नाव टाकून पाहा, पूर्ण नाव एकदम टाकू नका. सराव म्हणून आधी नाईक यशवंत घाडगे यांना शोधा. माणगाव तालुक्यातले हे शिपाई पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते, १० जुलै १९४४ रोजी इटलीत वयाच्या २२ व्या वर्षी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘यशवंत’मधल्या ‘य’पुढे इंग्रजी ‘ए’ येईल असं आपण धरतो, तिथं ‘ई’ आहे. एका अक्षराचा फरक काय करतो ते हाताला कळलं की आपल्या माणसाकडे वळा.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, ती म्हणजे नाव काही केल्या जुळतच नाही, आणि तिचा उपायही सर्वांत चांगला. प्रगत शोधात ‘अतिरिक्त माहिती’चा एक रकाना असतो. ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा’ हा मजकूर त्यात असतो. तिथं माणसाचं नाव न टाकता गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका. गावाचंही दोन-तीन प्रकारे स्पेलिंग करून पाहा. जिल्हा मात्र तेव्हाचा धरायचा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा साताऱ्यात होता, सिंधुदुर्गाचा बराच भाग रत्नागिरीत आणि बाकी सावंतवाडी संस्थानात, आणि रायगड म्हणजे कुलाबा. तरीही हाती लागलं नाही तर संपूर्ण पलटणीची यादी उतरवून घ्या, संकेतस्थळ ती तक्त्याच्या रूपात देतं. मग तारखेनं आणि गावानं चाळा. एका संध्याकाळचं काम आहे आणि नावाच्या मागे आठवडाभर धावण्यापेक्षा बरं.

हाती नोंद आली म्हणून लगेच पेढे वाटू नका. ‘रामा जाधव’ एका पलटणीत पाच असू शकतात. स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव हे तिन्ही जुळले तरच माणूस आपला. दोनच जुळले तर वहीत ‘संभाव्य’ असं लिहा आणि पुढं चला. वयावर विसंबू नका. भरतीला पोरं वय वाढवून सांगत, आणि पहिल्या युद्धातल्या हिंदी नोंदींत वय पुष्कळदा दिलेलंच नसतं. वय हवंच असेल तर गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर अधिक खरं.

पलटणींचे आकडे गोंधळात टाकतात, म्हणून हा हिशेब पाठ करून ठेवा. १९२२ मध्ये जुन्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री केली आणि बेळगाव हे तिचं केंद्र झालं. १०३वी झाली पहिली बटालियन, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी, आणि ११४वी झाली दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन. ‘काली पाचवी’ ती १०५वी, आणि ‘जंगी पलटण’ ती १०३वी. दुसऱ्या युद्धाच्या कागदांत ३/५ असं दिसलं तर त्याचा अर्थ पाचव्या मराठाची तिसरी बटालियन. तो अपूर्णांक नव्हे आणि तारीखही नव्हे.

प्रत्येक मराठी शिपाई मराठा पलटणीत होता असंही नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्करी अभियंत्यांच्या दलात), रस्ते-खंदक खणणाऱ्या पायोनियर पलटणींत, खेचरांच्या तांड्यांवर, इस्पितळांत डोलीवाले म्हणून आपली माणसं होती. महार समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. १११वी महार पलटण उभी राहिली ती थेट १९१७ मध्ये, आणि १९२१ मध्ये मोडलीही. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची. त्यामुळे १९१५ मध्ये मेलेल्या महार पूर्वजाचा शोध बहुधा बिगरलढाऊ नोकरांच्या नोंदींत घ्यावा लागतो. या नोंदींत पलटणीऐवजी खात्याचं नाव असतं.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांनी आणखी एक शक्यता तपासावी. ‘लढाईत बुडाला’ तो शिपाई नसून आगबोटीवरचा खलाशी, आगवाला किंवा बटलर असू शकतो. पहिल्या युद्धातल्या अशा दोन हजारांवर हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशी निवासात आहे. दुसऱ्या युद्धातल्या सहा हजारांवर खलाशांची नावं मुंबई आणि चितगाव अशा जोडस्मारकाखाली नोंदली आहेत. इथं पलटणीच्या जागी जहाजाचं नाव शोधायचं.

नोंदीत ‘स्मारक’ म्हणून जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ नीट लावावा लागतो, नाहीतर माणसं थडगं पाहायला जातात आणि रित्या हातांनी परततात. हिंदू शिपायाचं दहन होई, त्यामुळे बहुतेकांची समाधी नसतेच. त्यांच्यासाठी दहन-स्मारकं उभारली आहेत. इटलीत सांग्रो नदीकाठी, इरिट्रियात केरेनला, इम्फाळला. तिथं नुसती नावांची यादी असते. देहच सापडला नाही अशांची नावं वेगळ्या स्मारकांवर आहेत, जसं फ्रान्समध्ये नव-शापेल, इटलीत कसिनो, ब्रह्मदेशात रंगून, आणि सिंगापूर.

मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, गोष्ट सर्वांत कडू आहे. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर मृतांची नोंद आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं दगडावर कोरलीच नाहीत. पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या. त्यातून ते स्मारक १९९७ मध्ये बसऱ्यातून उचलून नासिरियाच्या वाटेवर नेलं. तेव्हा भिंतीच्या फोटोत आपल्या माणसाचं नाव दिसलं नाही म्हणून नोंद खोटी ठरत नाही. नावं छापील यादीत होती, ती आता संगणकावर आली आहेत. अमाऱ्याच्या हिंदी दफनभूमीत सुमारे ५ हजार माणसं आहेत आणि ओळख पटलेली फक्त ९. आयोगानं २०२१ मध्ये आपल्या अहवालात ही असमान वागणूक कबूल केली. कबुली चांगली, पण शंभर वर्षं उशिरा.

तारखेवरही थोडं. कूतचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही पलटणी आत होत्या. कैदेत मेलेल्यांची खरी तारीख कुणी टिपली नाही, म्हणून नोंदीत दोन तारखांमधला काळ दिसतो किंवा मागाहून अंदाजानं धरलेला एखादा दिवस. श्राद्धाची तिथी काढायला ती तारीख वापरू नका. कैदेचा संशय असेल तर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनं १९१४ ते १८ मधल्या युद्धकैद्यांची कार्डं ऑनलाइन ठेवली आहेत, तीही चाळा. दुसऱ्या युद्धात २/५ मराठा बटालियन जून १९४२ मध्ये तोब्रुकला जवळजवळ पूर्ण गेली. त्या सुमाराचा ‘बेपत्ता’ म्हणजे मृत किंवा इटलीतला कैदी, दोन्ही शक्य.

मृत्यूची तारीख आणि बटालियन मिळाली की युद्धदैनंदिनी मागवा. प्रत्येक बटालियन रोज काय घडलं ते लिहून ठेवी. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या युद्धाच्या दैनंदिन्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. दुसऱ्या युद्धात मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ १६९, इटलीच्या १७० आणि ब्रह्मदेशाकडच्या १७२ या मालिकेत. मालिका आणि बटालियन दोन्ही टाकून शोधलं तर यादी आटोपशीर येते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळही पाहा, तिथं तेव्हाच्या लष्करी खात्याची टिपणं आहेत.

दैनंदिनीत आपल्या माणसाचं नाव वाचायला मिळेल ही अपेक्षा आधीच सोडा. नावं साहेबांची असतात. शिपाई ‘आय.ओ.आर. ३’ असा येतो, म्हणजे साधे हिंदी जवान तीन. पण त्या दिवशी पलटण कुठं होती, पहाटे हल्ला झाला की तोफांचा मारा, की पुरात खंदक बुडाले, हे तासाच्या हिशेबानं कळतं. त्या दिवशीच्या पानावर मृतांचा आकडा शून्य असेल तर माणूस बहुधा मागच्या कुठल्यातरी दिवशी जखमी किंवा आजारी होऊन इस्पितळात गेला होता. मग आठ-पंधरा दिवस मागं वाचा. १९१८ च्या शरदात मेलेला असेल तर इन्फ्लुएन्झा धरून चाला. आणि मृत्यू हिंदुस्थानातच झाला असेल तर खडकीचं स्मारक आणि दिल्लीचं इंडिया गेट पाहा. इंडिया गेटवर १३ हजारांवर नावं आहेत, त्यांत वायव्य सरहद्दीवर पडलेले पुष्कळ.

यानंतर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पत्र एका पानाचं, इंग्रजीत किंवा हिंदीत. मृताचं नाव नोंदीतल्या स्पेलिंगसह, नंबर, हुद्दा, बटालियन, मृत्यूची तारीख, बापाचं नाव, तेव्हाचा गाव-तालुका-जिल्हा, आणि तुमचं त्याच्याशी नातं. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, ओळखपत्राची प्रत आणि पदकाचा फोटो. ‘सगळी माहिती द्यावी’ असं लिहू नका, त्याला उत्तर मिळत नाही. नेमकं मागा. शीट रोल उपलब्ध आहे का, नसल्यास लाँग रोलमधल्या ओळीची प्रत. शीट रोल म्हणजे शिपायाचा भरतीपासूनचा वैयक्तिक कागद. इतक्या जुन्या शिपायाचा तो बहुधा ठेवलेला नसतो. लाँग रोल ही भरतीची नोंदवही, तिच्यात एक ओळ तरी मिळण्याची आशा असते. नंबर न देता पाठवलेलं पत्र मात्र वाया जातं, हे पक्कं. उत्तरच आलं नाही तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, मुदत ३० दिवसांची.

पंजाबच्या तीन लाखांवर शिपायांची नोंदपुस्तकं लाहोरच्या संग्रहालयात सापडली, ती आता ऑनलाइन आहेत. त्यांची बातमी वाचून आपली माणसं तिथं शोधत बसतात. ती फक्त पंजाबची आहेत, वेळ घालवू नका.

आपल्याकडे त्याऐवजी महसुली कागद आहेत आणि आपण ते हाताळायला सरावलेलेही आहोत. कुणबी नोंदींच्या निमित्तानं घरोघर कोतवाल बुक आणि मोडी वाचणारा शोधून झालाच आहे. परदेशी मेलेल्याची नोंद कोतवालाच्या मृत्यूबुकात सहसा नसते, पण जन्माची सापडू शकते. खरा ऐवज फेरफारात. जमिनीवर त्याचं नाव असेल तर भावांच्या नावे वारस नोंद झालेली असते. ‘अविवाहित मयत’, ‘लढाईत मयत’, ‘बरेच वर्षांपासून बेपत्ता’ असे शब्द त्या उताऱ्यात शोधा. नोंदीची तारीख मृत्यूची नसते, मधे पाच-दहा वर्षं सहज जातात. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गट नंबर नव्हे, जुना सर्व्हे नंबर घेऊन जा.

बापाच्या नावाचा मेळ बसत नसेल तर नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्या पाहा. गाव आणि आडनाव सांगितलं की घराण्याचं पान निघतं आणि कोणत्या साली कोण कुणाच्या नावानं पिंड द्यायला आला होता ते कळतं. गावातला दगडही वाचून ठेवा. ‘या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ अशा इंग्रजी-मराठी पाट्या चावडीत, वेशीवर, शाळेच्या भिंतीत आहेत, काही रंगाच्या चार थरांखाली. नाव नसतं, पण त्या संख्येशी तुमच्या गावनिहाय यादीतली संख्या ताडून पाहता येते. यादीत कमी भरले तर कुणीतरी दुसऱ्या स्पेलिंगखाली दडलेला आहे.

१९४७ नंतरच्या लढायांत पडलेल्यांसाठी यातलं फारसं लागत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

शेवटी, नोंदीत चूक सापडली किंवा माणूस यादीत नाहीच असं निघालं, तर आयोगाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. पहिल्या युद्धासाठी मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या दरम्यानचा हवा, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. नोकरीत असताना मेला असेल तर कारण काहीही चालतं, अगदी हिवतापसुद्धा. नाव कापून, म्हणजे नोकरीतून मोकळा होऊन, घरी आल्यावर मेला असेल तर तो मृत्यू लष्करी सेवेतल्या आजारानं किंवा जखमेनं झाला हे कागदानं दाखवावं लागतं. पुरावा म्हणून त्या काळातलाच कागद जोडा. पदकाची कड, पेन्शनचं पुस्तक, फेरफार. नातवानं लिहिलेली आठवण सोबत द्यायला हरकत नाही, पण एकटी ती पुरत नाही. मोडी कागदाचं देवनागरी लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही लावा, आणि मूळ कागद कुणालाही पोस्टानं पाठवू नका.